भाड्याची माती: क्लातेनमधल्या जमिनीचे दोनशे वर्षांचे व्यवहार

इंडोनेशियात १९६१ पासून एक नियम लागू आहे. शेतजमीन ज्या तालुक्यात असेल, त्याच तालुक्यात तिच्या मालकाने राहिले पाहिजे. लागून असलेल्या तालुक्यातला मालक चालतो, पण तिथून तो रोज शेतावर येऊ शकत असेल तरच. म्हणजे जकार्तातला वकील किंवा सुराबायाचा व्यापारी मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात आला, हिरवीगार खाचरे पाहून हरखला आणि त्याने दोन तुकडे विकत घ्यायचे ठरवले, तर कायदा त्याला तिथेच अडवतो. परदेशी माणसाची वाट त्याच्याही आधी बंद होते. १९६० च्या मूळ जमीन कायद्याने पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकांसाठी ठेवली आहे. परदेशी माणसाला वारशाने अशी जमीन मिळाली, तरी वर्षाच्या आत त्याने ती सोडली पाहिजे.

इतका कडक नियम कोणी उगाच करत नाही. क्लातेनला गेल्या दोनशे वर्षांत बाहेरच्या पैशाचा अनुभव आहे आणि त्या अनुभवाची किंमत तिथल्या कुळांनी मोजली आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. या दोनशे वर्षांत बाहेरच्या पैशाने इथली माती जवळजवळ कधीच विकत घेतली नाही. त्याने भाड्याने घेतले मोसम, पाणी आणि माणसांचे दिवस.

हा जिल्हा योग्याकार्ता आणि सुराकार्ता, म्हणजे लोकांच्या तोंडी सोलो, या दोन राजधान्यांच्या मधोमध वसला आहे. वायव्येला मेरापी हा धगधगता ज्वालामुखी. त्याच्या राखेने माती काळी आणि सकस झाली, आणि त्याच्या पोटात मुरलेले पावसाचे पाणी पायथ्याशी शेकडो झऱ्यांवाटे वर येते. जिल्ह्यातल्या देलांग्गुचा तांदूळ आणि त्यातली 'रोजोलेले' ही सुवासिक जात साऱ्या जावात नावाजलेली. आज ६५५ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात साडेबारा लाखांहून जास्त माणसे राहतात. शेती इतकी दाट आणि माणसे इतकी दाट, की गाव कुठे संपले आणि खाचर कुठे सुरू झाले हे नारळीच्या रांगांवरूनच कळते. जिल्हा आपला वाढदिवस २८ जुलैला साजरा करतो, कारण १८०४ साली त्या दिवशी डचांनी इथे किल्ल्याचा पाया घातला. दोन राजधान्यांच्या मधल्या रस्त्यावर पहारा ठेवणे, हे क्लातेनचे पहिले काम.

१८११ मध्ये इंग्रजांनी जावा जिंकले. स्टॅम्फर्ड रॅफल्स लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि जमिनीची चौकशी करायला त्याला हाताशी माणूस मिळाला कर्नल कॉलिन मॅकेन्झी. हा मॅकेन्झी दख्खनमध्ये मुरलेला सर्वेक्षक होता. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत आणि निजामाच्या मुलखात त्याने वर्षानुवर्षे मोजणी केली होती आणि पुढे तोच हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. १८१२ च्या जानेवारीत तो क्लातेनच्या सीमेवरच्या प्रंबननला गेला आणि रानात ढासळून पडलेली शिवमंदिरे पाहून त्याने त्यांवर निबंध लिहिला. इंग्रजी फौजेत बंगालचे शिपाईही होते. जावाच्या झाडीत आपल्याच देवांच्या मूर्ती पाहून ते चकित झाले. काही शिपाई पुढे सुराकार्ताच्या राजघराण्यातल्या एका राजपुत्राशी संधान बांधून १८१५ च्या कटात सामील झाले. इतिहासकार पीटर केरी यांनी या कटाचा तपशीलवार मागोवा घेतला आहे.

मॅकेन्झीच्या चौकशीतून रॅफल्सने निष्कर्ष काढला की जमीन राज्याची आणि शेतकरी हा राज्याचा कूळ. त्यावर त्याने सारा बसवला. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने आणि नंतर मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जी रयतवारी रुजवली, तिच्याच जातकुळीतली ही कल्पना. पण क्लातेन त्या कक्षेबाहेर राहिला. तो राजांचा मुलूख होता आणि तिथली रीत वेगळी होती.

राजाच्या मुलखात सगळी जमीन सुराकार्ताच्या सुसुहुनानची किंवा योग्याकार्ताच्या सुलतानाची. सरदार, राजपुत्र, दरबारी यांना पगाराऐवजी तिचा उपभोग मिळे. त्याला 'लुंग्गुह' म्हणत. आपल्याकडच्या सरंजाम-जहागिरीशी बरेचसे जुळणारे. सरदार राजधानीत बसे, गावातून वसुली करून देण्याचे काम 'बेकेल' करी. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या कुटुंबाला 'सिकेप' म्हणत. जमीन कसायची, पिकाचा अर्धा वाटा द्यायचा, शिवाय रस्ते-पाट-घरे यांसाठी वेठ करायची, हे सिकेपच्या वाट्याला. त्याच्या परसात झोपडी बांधून राहणारे, स्वतःची जमीन नसलेले लोक आणखी खालच्या पायरीवर. या उतरंडीत विकण्याजोगी जमीन कोणाकडेच नव्हती. मात्र वसुलीचा हक्क भाड्याने देता येत होता.

याच काळात पूर्व जावात उलट प्रयोग झाला होता. १८१० मध्ये गव्हर्नर जनरल डांडेल्सने प्रोबोलिंग्गोचा अख्खा प्रदेश हान किक को या चिनी धनिकाला दहा लाख रिक्सडॉलर्सना विकला, तोही हप्त्यांवर. गावे, माणसे, वसुली, सगळे त्या सौद्यात आले. १८१३ मध्ये तिथे उठाव झाला, त्यात हान किक को मारला गेला आणि सरकारला तो प्रदेश परत घ्यावा लागला. माती विकणे किती महाग पडते हे त्या एका घटनेने जावातल्या सरकारांना शिकवले. राजांच्या मुलखात मग भाडेपट्ट्याचीच वाट रुळली.

१८१६ नंतर डच परत आले आणि युरोपीय मळेवाल्यांनी सरदारांकडून लुंग्गुह भाड्याने घ्यायला सुरुवात केली. सरदारांना रोकड हवी होती, दरबारातला खर्च वाढला होता, आणि मळेवाला कित्येक वर्षांचे भाडे आगाऊ मोजत होता. योग्याकार्ताचा डच रेसिडेंट नाहुइस याने स्वतःच मेरापीच्या दक्षिण उतारावर बेडोयो इथे कॉफीचा मळा चालवला होता. सौद्यात मळेवाल्याला फक्त जमीन मिळत नव्हती. सरदाराचा पिकातला वाटा आणि वेठीचे दिवसही त्याच्याकडे जात. बेकेल हा कालपर्यंत राजाच्या सरदाराचा कारकून होता. आज तो गोऱ्या मळेवाल्याचा मुकादम झाला.

गव्हर्नर जनरल व्हान डर कापेलेन याला हा प्रकार पटला नाही. ६ मे १८२३ च्या हुकुमाने त्याने राजांच्या मुलखातले सगळे पट्टे रद्द केले. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा होता, परिणाम मात्र भलताच झाला. मळेवाल्यांनी आगाऊ दिलेले भाडे आणि मळ्यावर केलेला खर्च दरबारांनी परत करावा, असा आदेश निघाला. योग्याकार्ताच्या गादीवर तेव्हा तान्हे मूल होते आणि त्याच्या पालकांत होता राजपुत्र दिपोनेगोरो. दरबाराची तिजोरी रिकामी, भरपाईचा बोजा डोक्यावर, आणि वसुलीचा चिमटा शेवटी गावालाच बसणार. जावाच्या युद्धाची कारणे अनेक आहेत. टोलनाक्यांचा जाच, दरबारात डचांची ढवळाढवळ, दिपोनेगोरोची धार्मिक तळमळ, ही सगळी त्यांत येतात. पण भाड्याच्या या हिशेबाला त्यांतून वगळता येत नाही. २० जुलै १८२५ रोजी युद्ध पेटले आणि १८३० पर्यंत चालले. सुमारे दोन लाख जावावासी त्यात मेले.

युद्ध संपल्यावर दोन्ही दरबारांचे दूरचे परगणे डचांनी काढून घेतले आणि उरलेल्या मुलखाची वाटणी झाली. २७ सप्टेंबर १८३० रोजी योग्याकार्ता आणि सुराकार्ता यांच्यातला सीमाकरार झाला तो क्लातेनमध्येच. बाकीच्या जावावर त्याच वर्षापासून गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉशची सक्तीची लागवड सुरू झाली. सरकार म्हणेल ते पीक शेतकऱ्याने लावायचे. राजांच्या मुलखात ती पद्धत आली नाही. तिथे खाजगी मळेवाल्यांचे पट्टे पुन्हा सुरू झाले. आधी नीळ आणि कॉफी, मग ऊस आणि तंबाखू.

यातून 'ग्लेबागान' नावाची एक रीत घट्ट झाली. ती समजल्याशिवाय क्लातेनचा इतिहास कळत नाही. मळ्याच्या हद्दीतली सगळी ओलिताची जमीन दोन भागांत विभागायची. एका भागात मळेवाल्याचा ऊस किंवा तंबाखू, दुसऱ्या भागात शेतकऱ्याचे भात. पुढच्या पाळीला अदलाबदल. म्हणजे शेतकऱ्याच्या वहिवाटीत जमीन असली तरी दर वेळी तिचा अर्धा भाग दुसऱ्याच्या पिकाखाली. शिवाय त्याने मळ्यात काम करायचे, पाट राखायचे, आणि पाण्याची वाटणी कारखान्याच्या सोयीने ठरायची. रात्री पाणी भाताला, दिवसा उसाला, असे करार अनेक ठिकाणी होते. ज्याला स्वतःच्या शिवारात पाणी धरायला मध्यरात्री कंदील घेऊन उभे राहावे लागते, त्याला मालक कसे म्हणायचे?

१८६० मध्ये क्लातेनजवळ गोंडांग विनांगून हा साखर कारखाना उभा राहिला. त्याची मालकी ॲमस्टरडॅममधल्या कंपनीकडे होती. त्याच सुमारास सुराकार्ताच्या धाकट्या राजघराण्यातल्या मांकुनेगोरो चौथ्यानेही स्वतःचे कारखाने काढले, कोलोमादू १८६१ मध्ये आणि तासिकमादू १८७१ मध्ये. राजा स्वतः कारखानदार झाला, हे त्या काळी विरळाच. मग रेल्वे आली. मळेवाल्यांनी वर्षानुवर्षे तगादा लावला होता, कारण बैलगाडीने साखर बंदरात पोहोचेपर्यंत नफा वाटेतच जिरे. समारांगहून निघालेली लाइन सोलोला पोहोचली आणि १८७२ मध्ये क्लातेनमार्गे योग्याकार्तापर्यंत गेली. त्या वर्षापासून क्लातेनचा तंबाखू जलद बंदरावर पोहोचू लागला. सिगारवर बाहेरून गुंडाळायचे ते पातळ, डागविरहित पान. मेरापीच्या पायथ्याच्या मातीत आणि बांबूच्या लांबलचक वाळवणशेडांत ते तयार होई आणि हॉलंडमधल्या लिलावात विकले जाई. उरलेल्या जावात १८७० च्या जमीन कायद्याने युरोपीयांना पडीक जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने मिळू लागली, आणि १८७५ मध्ये देशी माणसाची जमीन परक्याला विकायला बंदी आली. राजांच्या मुलखात मात्र जुन्याच पद्धतीचे पट्टे चालू राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच सरकारने या मुलखात सुधारणा करायला घेतल्या. १९०९ ते १९१८ या काळात लुंग्गुह टप्प्याटप्प्याने रद्द झाले, बेकेल गेले, त्यांच्या जागी ग्रामपंचायतीसारखी गावे उभी राहिली आणि शेतकऱ्याला जमिनीचा वहिवाटीचा हक्क मिळाला. कागदावर हे मोठे पाऊल होते. पण १९१८ च्या नव्या पट्टानियमाने मळेवाल्यांना जुन्या हक्कांच्या बदल्यात पुढच्या पन्नास वर्षांपर्यंत अर्धी जमीन वापरायची हमी दिली. वेठ हळूहळू बंद होणार होती, ग्लेबागान मात्र १९६८ पर्यंत चालणार होते.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९१९ मध्ये सुराकार्ताचे इस्लामी पुढारी हाजी मिस्बाख गावोगाव फिरू लागले. त्यांच्या 'इस्लाम बेर्गेराक' या पत्राने त्या वर्षी एक व्यंगचित्र छापले. शेतकऱ्याचे रक्त पिणारा डच भांडवलदार आणि बाजूला सुसुहुनान पाकुबुवोनो दहावा. मळ्यांवरच्या वेठीला आणि तंबाखूच्या कामाला शेतकरी नकार देऊ लागले आणि मिस्बाखना अटक झाली. पुढे त्यांना न्यू गिनीतल्या मानोक्वारीला हद्दपार केले गेले आणि १९२६ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. संपाखेरीज आणखी एक हत्यार होते, आणि त्याला सभा लागत नव्हती, पुढारी लागत नव्हता. उन्हाळ्यात रात्री उसाला काडी लागे आणि सकाळपर्यंत फड राख होई. कारखान्यांच्या अहवालांत अशा आगींच्या नोंदी वर्षानुवर्षे भरलेल्या आहेत.

साखरेच्या या कहाणीत महाराष्ट्र येतो तो थेट. जावाच्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते ब्रिटिश हिंदुस्थान. १९३० च्या सुमारास जावा वर्षाला जवळपास तीस लाख टन साखर काढत होते. मंदी आली, आणि १९३२ मध्ये हिंदुस्थानने आपल्या साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा करून आयातीवर जबर जकात बसवली. हिंदुस्थानात तेव्हा तीसेक कारखाने होते, पाच वर्षांत ते १३० च्या पुढे गेले. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी आणि वालचंदनगर हे त्याच दशकातले. इकडे दख्खनच्या कालव्यांवर धुराडी उभी राहत असताना तिकडे जावातली विझत होती. १९३५ पर्यंत तिथले उत्पादन पाच लाख टनांवर घसरले आणि १७९ कारखान्यांपैकी मूठभरच चालू राहिले. गोंडांग विनांगूनही काही वर्षे बंद पडला.

नाते इतकेच नाही. जावातल्या पासुरुआन संशोधन केंद्रात १९२१ मध्ये तयार झालेली पी.ओ.जे. २८७८ ही उसाची जात काही वर्षांतच जावाभर पसरली आणि तिथून दख्खनमध्ये आली. कोइमतूरला तिच्याच संकरातून को ४१९ निघाली. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांचा पाया घालणाऱ्या पिढीने हीच जात लावली. प्रवरानगरच्या शिवारात ज्या उसाने घरे उभी केली, त्याचे अर्धे रक्त जावाचे आहे.

क्लातेनच्या शेतकऱ्याला या मंदीत एक विचित्र सुटका मिळाली. अर्धी जमीन परत आली, पाणी परत आले, पण कारखान्याकडून येणारी भाड्याची नाणी थांबली आणि सारा मात्र रोखीतच भरायचा होता. लोकांनी सगळीकडे भात लावले. खायला होते, विकून पैसा मिळत नव्हता.

स्वातंत्र्य आले तेव्हा पहिला घाव ग्लेबागानवर पडला. १९४८ च्या कायद्याने प्रजासत्ताकाने मळेवाल्यांना १९१८ मध्ये मिळालेले अर्ध्या जमिनीचे हक्क रद्द केले. जे १९६८ मध्ये संपायचे होते ते वीस वर्षे आधी संपले. समाजशास्त्रज्ञ सेलो सुमार्जान यांनी शेजारच्या योग्याकार्तातल्या या बदलाचा बारकाईने अभ्यास केला आहे. १९५७-५८ मध्ये डच कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गोंडांग विनांगून सरकारी झाला. पण जावाची गर्दी कायद्याच्या मापात मावत नव्हती. १९६० च्या जमीन मर्यादा कायद्याने दाट वस्तीच्या भागात ओलिताच्या जमिनीची कमाल मर्यादा पाच हेक्टर ठरवली आणि प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर मिळावेत असे ध्येय ठेवले. क्लातेनमध्ये बहुसंख्य शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरही नव्हता. वाटायला जमीन होती ती जेमतेम.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने बटाईदाराचा वाटा बांधून दिला. जमीनमालक तो पाळेनात, कोर्टे ढिली, आणि १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने 'आक्सी सपिहाक' सुरू केले. कायदा अमलात येण्याची वाट न पाहता कुळांनी स्वतःच जमिनीचा ताबा घ्यायचा. या लढ्याची सुरुवातीची ठिकाणे शोधायची तर क्लातेनपाशी थांबावे लागते. कापणीच्या वेळी दोन गट खाचरात समोरासमोर उभे राहत. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्टांना संपवायला लष्कराच्या तुकड्या मध्य जावात उतरल्या आणि क्लातेन, बोयोलाली, सोलो या पट्ट्यात संहार सुरू झाला. साऱ्या इंडोनेशियात लाखो माणसे मारली गेली. जमिनीचा वाद बोलून दाखवणे पुढची तीस वर्षे धोक्याचे ठरले. क्लातेनमधल्या जमिनीच्या कागदांवरून आज जे कुणी बोट फिरवतात, त्यांनी ही मधली शांतता कशाने विकत घेतली गेली हे विसरता कामा नये.

त्यानंतर आलेल्या लष्करशहा सुहार्तोच्या राजवटीत ऊस पुन्हा परतला. कारखान्यांनी जमीन भाड्याने घ्यायची पद्धत १९७५ च्या अध्यक्षीय आदेशाने बंद केली. यापुढे ऊस शेतकऱ्याचा, कारखाना फक्त गाळणार. ऐकायला छान. प्रत्यक्षात गावचे अधिकारी सलग खाचरांचे गट आखून यंदा इथे ऊस असे जाहीर करत, आणि गटात ज्याचे शेत येईल त्याने भात सोडायचा. नकार दिला तर नाव लक्षात राहायचे. अनेकांनी कंटाळून आपले शेत त्या मोसमापुरते एखाद्या धनिकाला भाड्याने दिले आणि स्वतः मजुरी केली. १९९२ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या मनाचे पीक लावायचे स्वातंत्र्य दिले. त्यानंतर क्लातेनच्या शिवारातून ऊस हळूहळू मागे सरकला. गोंडांगच्या आवारात १९८२ पासून साखरेचे संग्रहालय आहे. वाफेची इंजिने रंगवून ठेवली आहेत आणि शाळांच्या सहली येतात.

आज कुणाला क्लातेनमध्ये पैसा घालायचा असेल तर गावकरी त्याला कागदांची एक उतरंड सांगतात. तळाशी गावाच्या 'लेटर सी' वहीतली नोंद. ती करासाठी आहे, मालकीसाठी नव्हे, तरी अनेक वर्षे लोक तिच्यावरच जमिनीचे व्यवहार करत आले. तिच्यावर सरकारी सर्टिफिकेट. मग जमीन यलो झोनमध्ये आहे की ग्रीन झोनमध्ये. ग्रीन झोनमधल्या भातशेतीवर घर बांधायला परवानगी नाही, आणि २००९ च्या कायद्याने अशी संरक्षित शेतजमीन मोडणे गुन्हा ठरवला आहे. शिवाय ती 'बेंगकोक' तर नाही ना, म्हणजे सरपंच आणि गावकामगार यांना पगारापोटी दिलेली गावाची जमीन. शेजारच्या स्लेमान जिल्ह्यात गावाच्या जमिनीवर परवानगीविना घरे बांधून विकल्याची प्रकरणे २०२३ मध्ये गाजली, बांधकामे सील झाली आणि लोक तुरुंगात गेले. स्थानिक माणसाच्या नावाने परदेशी पैसा लावायचा मार्ग काही जण सुचवतात. १९६० चा कायदा अशा सौद्याला मुळातच रद्दबातल ठरवतो. जमीन सरकारकडे जाते आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही.

म्हणून जुनीच रीत नव्या रूपात चालू आहे. वर्षावर भाडे, गहाण, अर्ध्या वाट्याने बटाई, आणि 'तेबासान'. यात व्यापारी कापणीच्या चार दिवस आधी उभे पीक उक्ते विकत घेतो, स्वतःची टोळी आणून कापतो. गावातल्या बायका पूर्वी कापणीला जाऊन आपला वाटा घरी आणत, तो या सौद्यात गेला.

गेल्या काही वर्षांत मोठा पैसा आला तो रस्त्याने. सोलो-योग्याकार्ता टोल रोडसाठी भूसंपादन झाले आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कार्तासुरा ते क्लातेन हा २२ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. खाचरांचा मोबदला हातात पडला तेव्हा वर्तमानपत्रांनी नव्या गाड्यांच्या बातम्या छापल्या. त्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट कमी छापली गेली. ज्यांची शेती गेली ते त्याच तालुक्यात दुसरी शेती शोधू लागले. गावाच्या ताब्यातली जमीन गेली, तिथे कायद्याप्रमाणे गावाला बदल्यात जमीनच घ्यावी लागते, म्हणून गावांच्या समित्याही त्याच बाजारात उतरल्या. गिऱ्हाईक वाढले आणि खाचर तेवढेच राहिले. भावांचे काय होणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

पोलानहार्जो तालुक्यातल्या पोंग्गोक गावाने मात्र वेगळा रस्ता धरला. झऱ्यावरचा जुना तलाव गावाच्या मालकीचा. २००९ मध्ये गावाने स्वतःची कंपनी काढली, 'तिर्ता मांदिरी'. तलावाचे पाणी इतके नितळ की पर्यटक पाण्याखाली मोटरसायकलवर बसून फोटो काढतात. भांडवल गावातूनच उभे राहिले. प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपियांपर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस हजार भारतीय रुपयांपर्यंत, भाग घेता येतो आणि त्यावर नफा मिळतो. काही वर्षांत कंपनीची वार्षिक उलाढाल १,००० कोटी रुपियांवर, सुमारे पाच कोटी भारतीय रुपयांवर गेली. एके काळी गरिबीच्या यादीत असलेल्या गावाला पाहायला आता देशभरातून सरपंचांच्या सहली येतात. दोनशे वर्षे गावातून बाहेर जाणारा नफा इथे प्रथम भागधारकांच्या वहीत गावाच्याच नावावर पडला, आणि क्लातेनच्या इतिहासात ही खरोखर नवी घटना आहे.

पण तेच पाणी आणखीही कामांना जाते. सोलो शहराचे नळ १९२९ पासून क्लातेनच्या चोक्रो तुलुंग झऱ्यावर चालतात. २००० नंतर याच पोलानहार्जोत बाटलीबंद पाण्याचा मोठा कारखाना आला आणि खालच्या बाजूच्या जुविरिंग, देलांग्गु इकडच्या शेतकऱ्यांनी पाटात पाणी कमी येते अशी तक्रार सुरू केली. झरे आटण्याला वरची जंगलतोड आणि वाढती वस्तीही कारणीभूत आहे, असे कंपनीची बाजू घेणारे म्हणतात. वाद मिटलेला नाही. उन्हाळी भातासाठी जुविरिंगचे शेतकरी आता डिझेलपंप तासावर भाड्याने घेतात.